क्राफ्ट पेपरचा जीएसएम आणि बीएफ स्थिर करायचा तर: आकडे कसे घ्यावेत, कसे वाचावेत

लॅबच्या रजिस्टरमध्ये जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) १२०, ऑर्डरवर १२०, आणि तरीही बॉक्सवाल्याचा फोन येतो: एक रीळ हलकं लागतंय, दुसरं जड. दोघांचंही खरं असतं. रजिस्टरमध्ये जंबोची, म्हणजे मशीनवरून उतरलेल्या पूर्ण रुंदीच्या मोठ्या रिळाची, सरासरी लिहिलेली असते. बॉक्सवाल्याला जंबो मिळत नाही, रिवाइंडरवर कापलेलं त्यातलं एक रीळ मिळतं. ते टेंडिंग साइडचं (ऑपरेटर उभा राहतो ती बाजू) असेल तर ११८ चं, ड्राइव्ह साइडचं (मोटारींची बाजू) असेल तर १२२ चं.

म्हणून कुठलाही व्हॉल्व्ह फिरवण्याआधी चढउतार नेमका कुठे आहे हे शोधायला हवं. जागा तीनच आहेत: कागदाच्या रुंदीत, कागदाच्या लांबीत म्हणजे एका जंबोपासून दुसऱ्यापर्यंत, आणि मोजण्यात. रुंदीतला फरक हेडबॉक्स (मशीनवर लगदा रुंदीभर सोडणारी पेटी) आणि तिच्या फटीच्या कडेचा, म्हणजे स्लाइस लिपकडचा; लांबीतला स्टॉक प्रिपरेशन (लगदा तयार करणारा विभाग) आणि बेसिस वेट व्हॉल्व्हकडचा (मशीनला जाणारा लगदा कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह); मोजण्यातला लॅबचा. उपाय वेगळे आणि माणसंही वेगळी. तिन्ही एकाच सरासरीत मिसळले की चुकीच्या माणसाला जबाबदार धरलं जातं आणि चुकीचा व्हॉल्व्ह फिरतो.

खालची सगळी उदाहरणं रद्दीवर चालणाऱ्या, गुजरातमध्ये वापी किंवा मोरबीला दिसते तशा क्राफ्ट मशीनची आहेत: डेकल, म्हणजे कागदाची रुंदी, ३.२ मीटर, वेग मिनिटाला ३०० मीटर, ग्रेड १२० जीएसएम, १८ बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागदाच्या ताकदीचा आकडा; हिशेब पुढे येतो). आकडे पद्धत समजावी म्हणून बेतलेले आहेत. तुमच्या मशीनचे वेगळे येतील, हिशेब हाच राहील.

आधी काटा, मग कागद

जीएसएमसाठी १०० चौरस सेंटिमीटरचा गोल तुकडा कापतात. १२० जीएसएमला त्याचं वजन १.२०० ग्रॅम. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर त्याची सर्वात लहान पायरी अख्ख्या १ जीएसएमची झाली. अशा काट्यावर ११९.६ आणि १२०.४ दोन्ही १२० च दिसतात. ०.००१ ग्रॅमचा काटा असल्याशिवाय पुढचं काही करू नका. कटरचं पातं बोथट झालं की कडेला तंतू लोंबतात आणि तुकडा जड भरतो, म्हणून महिन्यातून एकदा तुकड्याचा व्यास मोजा. तो ११२.८ मिलिमीटर यायला हवा.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. जीएसएममध्ये पाणीही मोजलं जातं. ७ टक्के ओलाव्याच्या १२० जीएसएम कागदात कोरडा माल १११.६ ग्रॅम असतो. तेवढाच माल ठेवून ओलावा ९ टक्के झाला तर जीएसएम १२२.६ होतो. तंतूचा एक कणही न वाढता २.६ जीएसएम वाढला. पावसाळ्यात पोप रीलवरून (मशीनच्या शेवटी कागद गुंडाळला जातो तिथून) काढलेला गरम नमुना उघड्या टेबलावर पडून राहिला की असंच होतं, आणि पहिली पाळी लगेच वजन करते, दुसरी चहानंतर, म्हणून दोन पाळ्यांच्या आकड्यांत उगाच फरक पडतो. उपाय साधा आहे: नमुना काढला की लगेच प्लास्टिक पिशवीत बंद करायचा, वजन करायचं, मग त्यातलेच तुकडे १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवून बोन ड्राय, म्हणजे ओलाव्याशिवायचा, जीएसएम काढायचा. मशीनवरचे निर्णय बोन ड्रायवर घ्या. ग्राहकाला द्यायचा रिपोर्ट मात्र कंडिशन केलेल्या नमुन्याचाच हवा. भारतीय मानक आयएस १०६० त्यासाठी २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता धरतं. तासाभराच्या अंतराने केलेल्या दोन वजनांत ०.२५ टक्क्याहून जास्त फरक नसेल तर नमुना कंडिशन झाला असं समजा.

मग लॅबची परीक्षा. १० तुकड्यांना मागच्या बाजूला नंबर द्या. दोन केमिस्टनी प्रत्येक तुकडा दोनदा मोजायचा, दुसऱ्या वेळी क्रम बदलून आणि पहिला आकडा न बघता. एकाच माणसाच्या दोन मोजण्यांतल्या फरकांची सरासरी काढा आणि १.१२८ ने भागा. फरकांची सरासरी ०.१२ जीएसएम आली तर मोजण्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप) साधारण ०.११. जो फरक पकडायचा आहे त्याच्या स्टँडर्ड डेव्हिएशनच्या १० टक्क्यांच्या आत हे आलं तर उत्तम, ३० टक्क्यांच्या वर गेलं तर त्या मोजणीवर निर्णय घेऊ नका.

बर्स्टचं, म्हणजे कागद किती दाबाला फुटतो त्या मोजणीचं, असं करता येत नाही, कारण फुटलेला तुकडा पुन्हा फोडता येत नाही. एकाच जागेच्या पट्टीतून लगतचे २० तुकडे घ्या, चिठ्ठ्या टाकून दोघांत १०-१० वाटा आणि दोघांच्या सरासऱ्या ताडून पाहा. इथे कागदाचा स्वतःचा बारीक चढउतारही मिसळतो, तो धरूनच निकाल वाचायचा. बर्स्ट टेस्टरमध्ये नेहमी तीन गोष्टी बिघडतात: रबरी डायफ्राम कडक होतो, ग्लिसरीनमध्ये हवेचा बुडबुडा राहतो, क्लॅम्पचा दाब कमी पडून कागद सरकतो. तिन्हींत आकडा हळूहळू सरकतो, एकदम उडी मारत नाही. म्हणून कळत नाही. ठरलेल्या बर्स्टची अ‍ॅल्युमिनियम फॉइल रोज सकाळी फोडून तिचा वेगळा चार्ट ठेवा. डायफ्राम बदलल्याची तारीख त्याच चार्टवर लिहा.

बीएफचा एक सापळाही इथेच सांगायला हवा. बीएफ म्हणजे ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमधला बर्स्ट भागिले जीएसएम. १२० जीएसएमला १८ बीएफ म्हणजे २.१६ किलो बर्स्ट. पुष्कळ ठिकाणी बर्स्ट एका जागेचा घेतात आणि भागतात जंबोच्या सरासरी जीएसएमने. २.१६ किलो बर्स्ट १२२.२ जीएसएमच्या जागी आला असेल तर खरा बीएफ १७.७ आहे. ११७.८५ च्या जागी आला असेल तर १८.३. ज्या तुकड्याच्या शेजारी बर्स्ट फोडला त्याच तुकड्याचा जीएसएम घ्या. बर्स्टच्या आकड्यांतला बराचसा गोंधळ एवढ्यानेच निवळतो.

नमुना कसा घ्यायचा

जंबो उतरला की वरचे दोन-तीन फेरे फाडून टाका, त्यांना हात लागलेला असतो. मग पूर्ण रुंदीची पट्टी काढा. टेंडिंग साइडच्या टोकावर पेन्सिलने खूण लगेच करा, पट्टी लॅबमध्ये उलटी पोचली तर सगळं विश्लेषण उलटं होतं. दोन्ही कडांचे १० सेंटिमीटर सोडून समान अंतरावर पाच जागा ठरवा. या जागा कायमच्या. मोजपट्टीऐवजी भोकं पाडलेली लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी करून ठेवली तर रात्रपाळीलाही चूक होत नाही.

प्रत्येक ओळीत जंबो नंबर, उतरल्याची वेळ, ग्रेड, पाच जीएसएम, पाच ओलावे, पाच बर्स्ट. शेवटी एक मोकळा रकाना, त्यात त्या जंबोच्या वेळी काय बदललं ते: ब्रेक (कागद तुटणं), फेल्ट (प्रेसमधलं पाणी शोषणारं कापड) धुतलं, रद्दीचा लॉट बदलला, स्टार्च कुकर बंद पडला. हा रकाना रिकामा राहिला तर महिनाभराने चार्टवर उंच गेलेला बिंदू दिसेल पण त्याचं कारण कुणालाच आठवणार नाही.

एकाच ग्रेडचे निदान २० ते २५ जंबो जमवा. ग्रेड बदलल्यानंतरचा पहिला जंबो हिशेबात धरू नका, नोंदीत मात्र ठेवा.

चढउतार तीन भागांत फोडणं

समजायला सोपं म्हणून चारच जंबो घेऊ. जागा टेंडिंग साइडकडून ड्राइव्ह साइडकडे.

जंबो १: ११८.२, ११९.८, १२०.६, १२१.४, १२२.५. सरासरी १२०.५
जंबो २: ११७.३, ११९.४, १२०.०, १२१.१, १२१.७. सरासरी ११९.९
जंबो ३: ११७.७, ११८.८, १२०.६, १२१.१, १२२.३. सरासरी १२०.१
जंबो ४: ११८.२, ११९.३, १२०.१, १२१.६, १२२.३. सरासरी १२०.३

एकूण सरासरी १२०.२. जागांच्या सरासऱ्या उभ्या काढल्या तर ११७.८५, ११९.३, १२०.३, १२१.३, १२२.२. कागद एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सलग चढत गेलाय.

एक्सेलमध्ये डेटा अ‍ॅनालिसिसमधलं 'अ‍ॅनोव्हा: टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन' निवडा, ओळींत जंबो, स्तंभांत जागा. उत्तरात 'एमएस' नावाचा रकाना येतो. इथे जागांचा एमएस ११.५१४, जंबोंचा ०.३३३ आणि उरलेला, म्हणजे एररचा, ०.०७७ येतो. त्यावरून तीन भाग असे:

रुंदीतला: (११.५१४ − ०.०७७) ÷ ४ जंबो = २.८६
जंबो-जंबोतला: (०.३३३ − ०.०७७) ÷ ५ जागा = ०.०५
उरलेला, ज्यात मोजणी आणि कागदाचा बारीक चढउतार येतो: ०.०८

बेरीज २.९९, तिचं वर्गमूळ १.७३. म्हणजे एकूण स्टँडर्ड डेव्हिएशन १.७३ जीएसएम, आणि त्यातल्या व्हेरियन्सपैकी (स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग) ९६ टक्के एकट्या रुंदीतला. बेरीज व्हेरियन्सची करायची, स्टँडर्ड डेव्हिएशनची नाही. एखादा भाग उणे आला तर तो शून्य धरा, त्याचा अर्थ तिथला फरक इतका लहान आहे की बाकीच्या गोंगाटात दिसत नाही.

या मशीनवर बेसिस वेट व्हॉल्व्ह कितीही कौशल्याने चालवला तरी बॉक्सवाल्याची तक्रार जाणार नाही, कारण त्या व्हॉल्व्हच्या हातात १०० पैकी जेमतेम २ भाग आहेत. हा एक आकडा प्रॉडक्शन मीटिंगमध्ये ठेवला की पुष्कळ वाद मिटतात.

रुंदीतला फरक: आकार बघून कारण ओळखा

जागांच्या सरासऱ्यांचा आलेख काढा. एकाच जंबोचा नको, २०-२५ जंबोंचा. एका जंबोत दिसलेली खाच योगायोग असू शकते, पंचवीस जंबोंच्या सरासरीत टिकलेली खाच मशीनची असते.

एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ उतार असेल, जसा वरच्या उदाहरणात, तर आधी हेडबॉक्सच्या निमुळत्या हेडरचा (लगदा रुंदीभर वाटणारा पाइप) रिसर्क्युलेशन व्हॉल्व्ह बघा. हेडरच्या दोन टोकांचे दाब सारखे हवेत. ते सारखे नसतील तर स्लाइसला हात लावू नका. दाब सारखे असूनही उतार राहिला तर स्लाइसचं उघडणं दोन्ही बाजूंना मोजा.

फक्त कडा हलक्या किंवा जड असतील तर हेडबॉक्सच्या कडांचे एज ब्लीड आणि चीक प्लेट बघा. मध्येच अरुंद पट्टा असेल तर लिपवर साचलेला कचरा किंवा पिच (चिकट मळ), वायरचं (लगद्यातलं पाणी गाळणारी जाळी) तुंबलेलं शॉवर नोझल, फेल्टमधली बुजलेली पट्टी.

इथे बोन ड्राय आकडे कामाला येतात. साध्या जीएसएममध्ये पट्टा दिसतो पण बोन ड्रायमध्ये दिसत नाही, तर तो पट्टा पाण्याचा आहे, तंतूंचा नाही: प्रेस, फेल्ट किंवा ड्रायरकडे जा. दोन्हीत दिसतो तर हेडबॉक्सकडे. हे न बघता स्लाइस स्पिंडल (लिप जागोजागी वरखाली करणारे स्क्रू) फिरवले तर ओलाव्याचा दोष जीएसएमचा दोष घालून झाकला जातो, आणि फेल्ट बदललं की कागद पुन्हा वेडावाकडा होतो.

स्पिंडल फिरवायचाच झाला तर एका वेळी थोडा, डायल गेजवर मोजून. शेजारच्या दोन स्पिंडलमध्ये फार अंतर पडलं की लिप कायमची वाकते. एक स्पिंडल दाबला की तिथला स्टॉक शेजारी सरकतो, म्हणून बदल दोन्ही बाजूंच्या जागांवरही उलट दिशेने दिसतो. प्रत्येक फेरबदलानंतर निदान तीन जंबोंची सरासरी बघितल्याशिवाय पुढचा फेरबदल करू नका.

कंट्रोल चार्ट, आणि कागद कारखान्यात होणारी नेहमीची चूक

वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये बेल टेलिफोनच्या कामात पहिला कंट्रोल चार्ट मांडला. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. त्यांची मूळ कल्पना साधी होती: प्रक्रियेत नेहमीचा चढउतार किती ते मोजा, आणि त्याबाहेर काही गेलं तरच कारण शोधा.

पुस्तकातली रीत अशी की पाच नमुन्यांचा गट घ्या, गटाची सरासरी आणि रेंज (सर्वात मोठा वजा सर्वात लहान आकडा) काढा, रेंजच्या सरासरीला ०.५७७ ने गुणा आणि तेवढ्या अंतरावर सीमा आखा. बेअरिंगच्या कारखान्यात ही रीत बरोबर चालते. कागदात पाच जागांचा गट केला तर फसते. आपल्या उदाहरणात रेंज ४.३, ४.४, ४.६, ४.१, सरासरी ४.३५. गुणिले ०.५७७ म्हणजे २.५१. सीमा येतात ११७.७ आणि १२२.७. जंबोंच्या सरासऱ्या मात्र ११९.९ ते १२०.५ मध्येच हलतात. सगळे बिंदू मधल्या रेषेला चिकटून राहतात. लोक म्हणतात प्रक्रिया फार छान आहे. खरं असं की रेंजमध्ये रुंदीचा उतार शिरलाय, आणि तो दर जंबोत तसाच येतो. सीमा इतक्या रुंद झाल्यात की कन्सिस्टन्सी ट्रान्समीटर (लगद्याचा दाटपणा मोजणारं यंत्र) बिघडून जंबो २ जीएसएमने सरकला तरी चार्ट काही बोलणार नाही.

त्याऐवजी असं करा. प्रत्येक जंबोचा एकच आकडा घ्या, पाच जागांची सरासरी. लागोपाठच्या दोन जंबोंतला फरक काढा. इथे ०.६, ०.२, ०.२, सरासरी ०.३३. तिला २.६६ ने गुणलं की ०.८९. सीमा ११९.३ आणि १२१.१. हा चार्ट मशीनच्या लांबीतल्या चढउताराचा खरा चार्ट. रुंदीसाठी दुसरा चार्ट ठेवा: प्रत्येक जंबोची 'ड्राइव्ह साइड वजा टेंडिंग साइड', याच पद्धतीने. हेडरचा व्हॉल्व्ह हलला किंवा लिपवर काही साचलं तर हा दुसरा चार्ट आधी बोलतो.

चालत्या कागदाचा जीएसएम मोजणारा स्कॅनर असलेल्या मशीनवर दर अर्ध्या मिनिटाला आकडा येतो आणि त्याचा चार्ट करायचा मोह होतो. त्यात शेजारचे दोन आकडे एकमेकांसारखेच असतात, कारण चेस्टमधला (टाकीतला) स्टॉक, म्हणजे लगदा, अर्ध्या मिनिटात बदलत नाही. मग लागोपाठचा फरक खोटा लहान येतो, सीमा अरुंद होतात आणि दिवसभर खोट्या घंटा वाजतात. तपासायला आकड्यांचा रकाना एका ओळीने खाली सरकवून शेजारी चिकटवा आणि एक्सेलच्या कोरल (CORREL) फंक्शनने दोन्हींचा सहसंबंध काढा. ०.३ च्या वर आला तर आकडे विरळ करा, पाच-पाच मिनिटांची किंवा सरळ जंबोची सरासरी घ्या.

एका दिवसात १००, १२०, १५०, १८० असे ग्रेड फिरत असतील तर प्रत्येकाचा वेगळा चार्ट कधीच भरत नाही. तिथे आकड्याऐवजी लक्ष्यापासूनचा टक्का मांडा: (आलेला − लक्ष्य) ÷ लक्ष्य × १००. सगळे ग्रेड एकाच कागदावर येतात. हलक्या आणि जड ग्रेडचा टक्क्यातला चढउतार फार वेगळा असेल तर दोन गट करा.

हात कधी घालायचा? एक बिंदू सीमेबाहेर गेला, किंवा सलग आठ बिंदू मधल्या रेषेच्या एकाच बाजूला आले. एरवी नाही. ही शिस्त ऑपरेटरला सर्वात अवघड जाते, आणि यात दोष त्याचा नाही. ११९.६ आला म्हणून व्हॉल्व्ह उघडला, १२०.५ आला म्हणून मिटला, याला आपण जागरूकता समजून शाबासकी देत आलोय. प्रक्रिया लक्ष्यावरच असेल आणि दर बिंदूला पूर्ण फरक दुरुस्त केला, तर व्हेरियन्स दुप्पट होतो, स्टँडर्ड डेव्हिएशन १.४१ पट. कारण आलेला फरक तेवढ्यापुरता होता, दुरुस्ती मात्र पुढच्या जंबोवर पडते. वर लॅबचा आकडा वीस मिनिटं उशिरा येतो, तोवर मशीन पुढे गेलेलं असतं. चार्टशेजारी एका ओळीत लिहून लावा: 'सीमेच्या आत असेल तर व्हॉल्व्हला हात नाही.' त्याखाली शिफ्ट इनचार्जची सही हवी, म्हणजे आकडा १२१ असताना शांत बसलेल्या ऑपरेटरला कुणी बोलणार नाही.

लांबीतला चढउतार: लाट किती लांब आहे ते मोजा

चढउताराचे तीन भाग केल्यावर लांबीतला किंवा उरलेला भाग मोठा निघाला तर जंबोवरून एकाच जागेची सलग पट्टी काढा, १० सेंटिमीटरचे तुकडे पाडा, क्रमाने वजन करून आलेख काढा. शंभर-दीडशे तुकडे लागतात, काम कंटाळवाणं आहे, पण असा पुरावा दुसरीकडे मिळत नाही. आलेखात लाट दिसली तर तिची लांबी मोजा.

लाटेची लांबी म्हणजे मशीनचा वेग भागिले दर सेकंदाचे ठोके. ३०० मीटर प्रति मिनिट म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद. प्रेशर स्क्रीनच्या रोटरला ४ फॉइल आणि फेरे मिनिटाला ४५० असतील तर सेकंदाला ३० ठोके. ५ ÷ ३० म्हणजे साधारण १७ सेंटिमीटर. फॅन पंपला ६ व्हेन, १२०० फेरे: सेकंदाला १२० ठोके, लाट ४.२ सेंटिमीटर. ही १० सेंटिमीटरच्या तुकड्यात दिसणारच नाही, उलट खोटी लांब लाट दाखवेल. तुकडा शोधायच्या लाटेच्या अर्ध्याहून लहान हवा. १७ सेंटिमीटरच्या लाटेसाठीही ५ सेंटिमीटरचे तुकडे बरे.

०.८ मीटर व्यासाचा प्रेस रोल २.५ मीटरला एकदा छाप सोडतो. वायरचा दोष वायरच्या लांबीएवढ्या अंतराने येतो. मिनिटामिनिटांची लाट असेल तर ती पंपाची नसते, कन्सिस्टन्सी लूप किंवा चेस्टच्या लेव्हलची असते. तो लूप थोडा वेळ मॅन्युअलवर टाका. लाट थांबली तर कंट्रोलरचं ट्युनिंग चुकलंय. चालूच राहिली तर लाट मागून, पल्परकडून येतेय.

बीएफ वाढवायचा तर जुन्या नोंदींवर विसंबू नका

सहा महिन्यांच्या नोंदी घेऊन स्टार्च आणि बीएफचा सहसंबंध काढला तर अनेकदा तो उणे येतो: स्टार्च जास्त तिथे बीएफ कमी. स्टार्चने बीएफ घटतो म्हणून नाही. बीएफ पडला की ऑपरेटर स्टार्च वाढवतो, म्हणून. कमकुवत रद्दीच्या दिवशीच स्टार्च जास्त गेलेला असतो आणि नोंदी कारण-परिणाम उलटे दाखवतात. रिफायनरचंही (लगद्याचे तंतू कुटणारं यंत्र) तेच.

उत्तर हवं तर मुद्दाम चाचणी घ्यावी लागते. दोन गोष्टी, दोन-दोन पातळ्या: साइझ प्रेस स्टार्च टनाला ३० आणि ४० किलो, रिफायनर टनाला विजेची ६० आणि ८० युनिट. चार जोड्या होतात. रद्दीचं मिश्रण आठवडाभर एकच ठेवा, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवा. पातळी बदलल्यावर पहिला जंबो सोडून द्या, बॅक वॉटरमध्ये (वायरखालून गळून परत वापरलं जाणारं पाणी) आधीचा माल फिरत असतो. समजा सरासरी बीएफ असे आले: दोन्ही कमी १७.४, फक्त स्टार्च जास्त १८.६, फक्त रिफायनर जास्त १८.२, दोन्ही जास्त १९.०.

स्टार्चचा परिणाम: (१.२ + ०.८) ÷ २ = १.०
रिफायनरचा: (०.८ + ०.४) ÷ २ = ०.६

दोन्ही एकत्र वाढवले तर बेरीज १.६, ती पूर्ण मिळते. पण एक आधीच जास्त असताना दुसऱ्याचा फायदा कमी होतो, स्टार्च ३० वर रिफायनरने ०.८ दिले तर ४० वर फक्त ०.४.

हे आकडे खरे की योगायोग? जंबो सरासरीचं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.५ बीएफ धरा. प्रत्येक जोडीला दोनच जंबो, म्हणजे एकूण आठ, घेतले असतील तर परिणामाची चूक २ × ०.५ ÷ √८ = ०.३५. तिच्या दुपटीहून, ०.७ हून, मोठा परिणामच धरायचा. स्टार्च पास, रिफायनर नापास. जोडीला चार जंबो घेतले तर चूक ०.२५, दुप्पट ०.५, मग ०.६ ही धरता येतो. म्हणून चाचणी घेण्याआधीच हा हिशेब करा. किती बीएफचा फरक तुमच्या उपयोगाचा आहे ते ठरवा आणि त्यावरून जंबो मोजा. दोन-दोन जंबोंच्या चाचणीवर रिफायनरला निकामी ठरवणं म्हणजे आठवडा फुकट घालवणं.

निकाल वाचताना ड्रेनेज आणि वाफेचा खर्चही त्याच तक्त्यात हवा. रिफायनिंग वाढलं की वायरवर पाणी सुटायला वेळ लागतो आणि ड्रायरवर भार येतो. बीएफ मिळाला पण वेग २० मीटरने उतरला, तर तो बीएफ महाग पडला.

लक्ष्य कुठे ठेवायचं

कंट्रोल चार्टच्या सीमा मशीन काय करतं ते सांगतात, ऑर्डरवरचा चालणारा फरक (टॉलरन्स) ग्राहकाला काय हवं ते. दोन्ही एकाच चार्टवर आखू नका. ऑर्डरवर ±५ टक्के असेल तर १२० ला ११४ ते १२६. एकूण स्टँडर्ड डेव्हिएशन १.७३ असेल तर (१२६ − १२०.२) ÷ (३ × १.७३) = १.१२. हा पीपीके, म्हणजे ऑर्डरच्या सीमांत प्रक्रिया किती सैल बसते त्याचं माप. चांगल्या प्रक्रियेत तो १.३३ च्या वर असावा. रुंदीतलं स्टँडर्ड डेव्हिएशन निम्मं केलं तर एकूण १.७३ वरून ०.९२ वर येतं आणि पीपीके २ च्या पुढे जातो. बाकी कशालाही हात न लावता.

पैसा दिसतो तो बीएफमध्ये. तिथे फक्त खालची सीमा असते. १८ च्या खाली माल जाऊ नये म्हणून सरासरी तीन स्टँडर्ड डेव्हिएशन वर ठेवावी लागते. स्टँडर्ड डेव्हिएशन ०.९ असेल तर लक्ष्य २०.७, ०.६ वर आणलं तर १९.८. हे ०.९ बीएफ म्हणजे दर टनाला वाचलेला स्टार्च, किंवा मिश्रणात कमी लागलेली आयात रद्दी. क्रम मात्र पाळा: आधी चढउतार कमी, तो महिनाभर चार्टवर टिकला की मगच सरासरी खाली. उलट केलं तर पहिल्याच पावसाळ्यात माल परत येतो.

जीएसएम जास्त दिल्याने ग्राहक खूश होत नाही, हेही मार्केटिंगला समजावून सांगा. कागद किलोवर विकला जातो, बॉक्सवाला मोजतो चौरस मीटर. १२० जीएसएमच्या टनात ८,३३३ चौरस मीटर येतात, १२२ च्या टनात ८,१९७. टनामागे १३६ चौरस मीटर गेले. नाशिकचा द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की बॉक्स प्लँट दिवसाला कित्येक टन कागद ओढतो, तेव्हा हा फरक त्याला लगेच जाणवतो.

सीमा कधी बदलायच्या? प्रक्रियेत ठरवून बदल केला आणि सलग आठ बिंदू नव्या पातळीवर टिकले, तेव्हा. दर महिन्याला आपोआप नाही, कारण हळूहळू सरकत चाललेली प्रक्रिया दर महिन्याला सीमाही आपल्याबरोबर ओढून नेते आणि चार्ट कधीच तक्रार करत नाही. नव्या सीमा आखताना जुना चार्ट फाडू नका. त्यावर तारीख, बदलाचं कारण आणि मोकळ्या रकान्यातल्या नोंदी असतात, आणि पुढच्या वर्षी तोच दोष परत आला की पहिल्यांदा तीच फाइल उघडावी लागते.